डांग्या खोकला : ओळख, उपचार आणि व्यापारी कुटुंबाचे कर्तव्य

मूठभर जर्दा हाती घेताच तो कोणत्या शिवारातला आहे, पावसाने भिजला होता की कोरडाच वखारीत आला, हे निपाणीचा जाणता व्यापारी क्षणात सांगतो. वास, रंग आणि स्पर्श या तीन साक्षीदारांच्या भरवशावर तो हजारोंचा सौदा करतो. परंतु हाच चोखंदळ मनुष्य घरी येतो आणि पाळण्यातील बालक खोकताना ऐकतो, तेव्हा त्याची पारख बहुधा थबकते. “हंगाम सुरू आहे, तंबाखूचा ठसका लागला असेल,” किंवा “हवा बदलली आहे, चार दिवसांत बसेल,” असे म्हणून तो निश्चिंत होतो. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेही ठरते. मात्र ज्या वेळी ते खोटे ठरते, त्या वेळी त्याची किंमत फार मोठी असते.

लहान मुलांच्या खोकल्यांत एक खोकला असा आहे की, तो ओळखण्यास आठवडाभर विलंब झाला तर औषधाचा निम्मा गुण वाया जातो. आणि तो तीन महिन्यांच्या आतील अर्भकास झाला तर जिवावर बेततो. त्याचे नाव डांग्या खोकला. या रोगाचे स्वरूप, उपचार आणि प्रतिबंध यांची माहिती सभासद बंधु-भगिनींच्या हाती द्यावी, तसेच आपल्या सीमाभागातील चालीरीती व व्यवसाय यांच्याशी त्याचा जो विशेष संबंध आहे तो दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक रोग, अनेक नावे

आपल्या बाजारपेठेत एकाच गल्लीत तीन-चार भाषा नांदतात. मराठी घरात या रोगास डांग्या खोकला म्हणतात. कन्नड घरात नायिकेम्मु, म्हणजे कुत्र्यासारखा खोकला, म्हणतात. गुजराती बांधव उटांटियुं म्हणतात, तर मारवाडी कुटुंबांत काली खांसी हे नाव चालते. त्यामुळे शेजारणीने सांगितलेला आजार आणि आपल्या मुलाचा आजार एकच आहे, हे कित्येकदा ध्यानातच येत नाही. म्हणून नावावर विसंबू नये; लक्षणांवर लक्ष ठेवावे.

रोगाचे कारण आणि प्रसार

पॅरिस नगरात १५७८ साली आलेल्या साथीचे वर्णन गियोम द बायू या वैद्याने लिहून ठेवले आहे. तथापि, हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो हे सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ब्रुसेल्स येथील झूल बोर्दे व ऑक्ताव झांगू या दोन शास्त्रज्ञांनी १९०६ साली हा जंतू वेगळा काढून दाखविला. बोर्दे यांना पुढे १९१९ सालचे नोबेल पारितोषिक लाभले आणि या जंतूस ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ हे त्यांच्या स्मरणाचे नाव मिळाले.

हा जंतू श्वासनलिकेच्या आतील बारीक केसांसारख्या तंतूंना चिकटतो. कफ व धूळ वर लोटून बाहेर टाकणे हे त्या तंतूंचे काम. जंतूच्या विषाने ते निकामी होतात. कफ घट्ट होऊन तेथेच साचतो आणि तो बाहेर फेकण्यासाठी शरीरास उबळीवर उबळ द्यावी लागते. जंतू नाहीसे झाले तरी तंतूंची झीज भरून येण्यास अवधी लागतो. म्हणूनच हा खोकला दोन-तीन महिने रेंगाळतो. चिनी लोक त्यास शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते यथार्थ आहे.

रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून उडणाऱ्या तुषारांतून हा रोग पसरतो. ज्या समाजात कोणासही प्रतिकारशक्ती नाही, तेथे एक रोगी सरासरी बारा ते सतरा जणांस रोग देतो, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. सांसर्गिकतेत हा रोग गोवराच्या पंक्तीला बसतो. जंतूचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः सात ते दहा दिवस, क्वचित तीन आठवडेही जातात.

या ठिकाणी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबप्रमुखाने मनावर कोरून ठेवावी. लस घेतल्याने किंवा एकदा रोग होऊन गेल्याने मिळणारे संरक्षण जन्मभर टिकत नाही. काही वर्षांनी ते ओसरते. त्यामुळे प्रौढांनाही हा रोग होतो, पण त्यांच्यात तो ‘हूप’ आवाजाशिवाय, नुसत्या रेंगाळणाऱ्या खोकल्याच्या रूपाने येतो. दिवसभर पेढीवर खोकत बसलेले आजोबा सायंकाळी घरी येऊन नातवाला मांडीवर घेतात. त्यांना स्वतःला विशेष काही झालेले नसते, परंतु अर्भकाला मात्र त्यांच्याकडून हा रोग मिळतो. तान्ह्या मुलाला रोग देणारी व्यक्ती पुष्कळदा घरातलीच असते. आई, वडील, मोठे भावंड अथवा आजी-आजोबा यांपैकीच कोणीतरी ती असते.

रोगाच्या तीन अवस्था

पहिली अवस्था एक ते दोन आठवड्यांची. या काळात नाक वाहते, किंचित कणकण असते आणि साधा खोकला येतो. सर्दी-पडशाहून यात वेगळे असे काहीच दिसत नाही. दुर्दैव असे की, रोग सर्वाधिक पसरतो तो याच काळात, आणि औषधाचा खरा उपयोग होतो तोही याच काळात.

दुसरी अवस्था उबळींची. साधी सर्दी दहा दिवसांत ओसरू लागते. हा खोकला मात्र दुसऱ्या आठवड्यानंतर वाढत जातो. मूल श्वास घेण्यास उसंत न मिळता एकामागून एक ठसके देते. चेहरा लाल, मग जांभळा होतो, डोळ्यांतून पाणी येते, जीभ बाहेर पडते. आणि उबळ संपताच श्वास आत ओढताना ‘हूऽऽप’ असा कर्कश आवाज होतो. त्यापाठोपाठ चिकट कफ पडतो किंवा उलटी होते, आणि मूल गळून जाते. रात्री उबळी अधिक येतात. विशेष हे की, दोन उबळींच्या मधल्या वेळेत मूल खेळताना-बागडताना दिसते आणि अंगात तापही फारसा नसतो. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरांसमोर मूल अगदी ठणठणीत वाटते व निदान हुकते. ही अवस्था एक ते सहा आठवडे, कधी दहा आठवडेही चालते.

तिसरी अवस्था उताराची. उबळी विरळ होतात. परंतु पुढील काही महिन्यांत साधी सर्दी झाली तरी तसाच ढासणारा खोकला पुन्हा येऊ शकतो. तो नवा रोग असतोच असे नाही.

तान्ह्या बालकाचे वेगळेपण

वर सांगितलेले चित्र मोठ्या मुलाचे आहे. सहा महिन्यांच्या आतील अर्भकात ‘हूप’ हा आवाज बहुधा नसतो. कारण तेवढ्या जोराने श्वास ओढण्याची ताकदच त्याच्या छातीत नसते. कधी कधी खोकलाही नावापुरताच असतो. बालक दूध ओढता ओढता थांबते, गुदमरल्यासारखे करते, ओठ निळे पडतात, आणि काही क्षण त्याचा श्वासच थांबतो. घरातील मंडळी त्यास “दूध श्वासात गेले” असे समजतात. फुप्फुसदाह, आकडी आणि मेंदूला प्राणवायू न पोचणे हे उपद्रव याच वयात होतात. जगात या रोगाने जे मृत्यू होतात, त्यांत पहिल्या दोन-तीन महिन्यांतील बालकांचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून या वयाच्या बालकास डांग्या खोकल्याची नुसती शंका आली तरी घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

तंबाखूच्या धुळीचा भ्रम

निपाणी आणि आसपासच्या गावांत जर्द्याची उग्र धूळ हवेतच असते. वखारीत काम करणाऱ्यास ठसका लागणे, घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या मांडीवरील मुलास शिंका येणे, हे येथे नित्याचे. त्यामुळे खोकला म्हणजे तंबाखू, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. धुळीचा ठसका आणि डांग्या खोकला यांतील भेद मात्र फार अवघड नाही.

धुळीचा ठसका धुळीजवळ असताना लागतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर शमतो. डांग्या खोकल्याची उबळ शांत झोपेतही येते. धुळीने खोकणारे मूल मधूनमधून श्वास घेऊ शकते. उबळीत सापडलेल्या मुलास श्वास घेताच येत नाही. धुळीच्या ठसक्यानंतर उलटी सहसा होत नाही; येथे ती वारंवार होते. आणि धुळीचा खोकला घरात एकापासून दुसऱ्यास लागत नाही, हा लागतो. घरातील आणखी कोणी गेले दोन-तीन आठवडे खोकत आहे काय, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा आहे.

याखेरीज बाळदमा, क्षय, फुप्फुसदाह यांमुळेही मुले दीर्घकाळ खोकतात. रांगते मूल खेळता खेळता एकाएकी जोराने खोकू लागले, तर शेंगदाणा अथवा चिंचोका श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता ध्यानात घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कोणत्याही खोकल्याची तपासणी झालीच पाहिजे.

निदान व औषधोपचार

उबळ सुरू असताना मोबाईलवर तिचे चित्रण करून ठेवावे आणि ते डॉक्टरांना दाखवावे. शब्दांत केलेल्या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचे ते चित्रण अधिक बोलके असते. त्याचप्रमाणे दिवसरात्रीत किती उबळी आल्या, किती वेळा उलटी झाली, किती वेळा दूध घेतले आणि किती वेळा लघवी झाली, याची रोजकीर्द ठेवावी. व्यापारी घराला हे काही नवीन नाही. नाकाच्या मागील भागातून घेतलेल्या स्रावाची तपासणी करून जंतूचे निश्चित निदान होते. रक्तात पांढऱ्या पेशींची, विशेषतः लिम्फोसाइट पेशींची, संख्या वाढलेली आढळते.

औषध म्हणून अॅझिथ्रोमायसीन किंवा त्याच वर्गातील अन्य प्रतिजैविक दिले जाते. अॅझिथ्रोमायसीनचा क्रम साधारणतः पाच दिवसांचा असतो. मात्रा मुलाच्या वजनावरून डॉक्टरच ठरवतात. एक महिन्याच्या आतील बालकास एरिथ्रोमायसीन देणे शक्यतो टाळतात, कारण त्यामुळे जठराचे तोंड अरुंद होण्याचा धोका संभवतो. म्हणून दुकानातून मनाने औषध आणून देऊ नये.

औषध पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत सुरू झाले तर आजाराचा जोर कमी होतो. उबळी सुरू झाल्यानंतर दिलेल्या औषधाने जंतू मरतात, संसर्ग थांबतो, परंतु खोकला त्याच्या मुदतीनेच जातो. हे ठाऊक नसल्यामुळे पालक “औषधाचा गुण नाही” म्हणून डॉक्टर बदलत राहतात. गुण असतो, तो घरातील इतर मुलांच्या रक्षणाच्या रूपाने मिळतो. प्रतिजैविक सुरू केल्यापासून पाच दिवस, आणि ते दिले नसल्यास खोकला लागल्यापासून तीन आठवडे, रोग्यास शाळा, मंदिर, लग्नसमारंभ व विशेषतः लहान बालके यांपासून दूर ठेवावे. घरात अर्भक अथवा गर्भवती असेल तर सर्व कुटुंबीयांना प्रतिबंधक औषध द्यावे काय, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. लस घेतली असली तरी हा सल्ला घ्यावा.

घरातील शुश्रूषा

१. उबळ येताच मुलास उचलून बसते करावे व पुढे किंचित झुकवावे. अर्भकास कुशीवर धरावे. तोंडातील कफ स्वच्छ फडक्याने टिपावा. घशात बोट घालू नये, नाक दाबू नये, उबळीत पाणी पाजू नये.

२. खाणे-पिणे थोडे थोडे पण वारंवार द्यावे. उलटी झाल्यावर काही मिनिटांनी मूल शांत झाले की पुन्हा भरवावे. त्या वेळी अन्न टिकण्याचा संभव अधिक असतो. आईचे दूध बंद करू नये.

३. सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत पाळणाऱ्या घरांनी ते आजारी बालकावर लादू नये. व्रत हे समजून घेतलेल्या संकल्पाचे असते. उलट्यांनी कोरडे पडलेल्या मुलास रात्री दूध-पाणी मिळालेच पाहिजे.

४. खोली हवेशीर ठेवावी. विडी-सिगारेट, चूल, उदबत्ती यांचा धूर आणि जर्द्याची धूळ मुलाच्या आसपास असू नये. वखारीतून आलेल्याने हातपाय धुऊन, कपडे बदलूनच मुलाजवळ जावे.

५. रडणे, धावणे, दचकणे यांनी उबळ येते. मुलास शांत ठेवावे. पाहुण्यांची वर्दळ टाळावी.

टाळावयाचे उपाय

या रोगावर घरोघरी नाना उपाय चालतात. काहींचा अपाय होत नाही. काहींचा निश्चित होतो. खोकला दाबणाऱ्या औषधांनी ही उबळ थांबत नाही, आणि कोडीनयुक्त औषध लहान मुलाचा श्वास मंदावू शकते. मध एक वर्षाच्या आतील बालकास कदापि चाटवू नये, असे आधुनिक वैद्यकशास्त्र सांगते. मधातील जंतूंमुळे अर्भकास पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. मद्य, मांस व मधु यांचा त्याग हा तर आपल्या श्रावकाचारातील मूलगुणांचाच भाग आहे. तेव्हा जी गोष्ट आपल्या घरात एरवीही वर्ज्य आहे, ती औषधाच्या निमित्ताने आणण्याचे कारण नाही.

बाळंतिणीच्या खोलीत ओवा व ऊद टाकून बाळाला धुरी देण्याची चाल आपल्याकडे आहे. खोकणाऱ्या बालकास तो धूर विषासमान होय. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांकडून गाढविणीचे कच्चे दूध घेऊन पाजणारी कुटुंबे आजही आढळतात. त्या दुधाने डांग्या खोकला बरा होतो यास आधार नाही. कच्च्या दुधातून नवे जंतू मात्र पोटात जातात. आणि पोटावर डाग देणे, हा तर निष्पाप जिवाचा छळच आहे. अहिंसेचे नाव घेणाऱ्या समाजाने आपल्या शेजारीपाजारीही तो होऊ देऊ नये.

तत्काळ रुग्णालयात केव्हा न्यावे

उबळीत ओठ किंवा जीभ निळी पडणे, काही क्षण श्वास थांबणे, आकडी येणे, श्वास जलद होऊन बरगड्या आत ओढल्या जाणे, ताप चढणे, दूध न घेणे, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल निपचित पडून राहणे. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास, अथवा बालक तीन महिन्यांच्या आतील असल्यास, वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सीमेच्या दोन्ही बाजूंस मिळते. बेळगावात जिल्हा रुग्णालय व केएलई संस्थेचे रुग्णालय आहे; निपाणीकरांना कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय त्याहून जवळ पडते. अशा प्रसंगी राज्य कोणते, भाषा कोणती, याचा विचार न करता जे जवळ ते गाठावे.

प्रतिबंधक लस

या लसीची कथा मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या गावी पर्ल केंड्रिक व ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९३२ च्या सुमारास हे कार्य हाती घेतले. तो तेथील महामंदीचा काळ होता. दिवसभर सरकारी प्रयोगशाळेतील काम उरकून त्या सायंकाळी रोगी मुलांच्या घरोघरी जात, आणि खोकणाऱ्या मुलांच्या तोंडासमोर काचेची तबकडी धरून जंतूंचे नमुने गोळा करीत. त्यांच्या परिश्रमांतून परिणामकारक लस सिद्ध झाली. पुढे घटसर्प व धनुर्वात यांच्या लसींशी जोडून तिची त्रिगुणी लस झाली.

भारतात १९७८ साली सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात ही त्रिगुणी लस आली आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ती खेडोपाडी पोचविली. १९८७ साली देशात या रोगाचे सुमारे १ लाख ६३ हजार रोगी नोंदले गेले होते. २०११ साली तो आकडा ३९ हजारांवर आला. २०११ पासून टप्प्याटप्प्याने पंचगुणी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, लस सुरू झाली. तीत काविळीचा ब प्रकार आणि हिब जंतू यांविरुद्धचे संरक्षणही आहे.

लसीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण जपानने दाखविले. लसीविषयी भीती पसरून तेथे १९७५ साली लसीकरण काही काळ थांबविले गेले आणि नंतरही पालक पुढे येईनात. १९७४ साली तेथे रोगी होते ३९३, मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली रोगी झाले १३ हजारांहून अधिक, आणि ४१ मुले दगावली. २०२४ सालीही इंग्लंड, चीन आदी देशांत या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते.

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. देवीची लस तेथे तयार होत असे, म्हणून ते नाव. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली. डांग्या खोकल्याचे तसे होणे कठीण आहे. कारण त्याची प्रतिकारशक्ती ओसरत जाते. देवीची लढाई एकदाच जिंकावी लागली. ही लढाई प्रत्येक नव्या बालकागणिक लढावी लागते.

लसीचे वेळापत्रक असे आहे : सहा, दहा व चौदा आठवड्यांस पंचगुणी लसीचे तीन डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत त्रिगुणीचा पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान दुसरा. सरकारी केंद्रात ही लस विनामूल्य मिळते. सुई टोचल्यानंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे व किंचित सूज येणे स्वाभाविक आहे. त्यास भिऊन पुढील डोस चुकवू नये. एखादा डोस राहून गेल्यास पहिल्यापासून प्रारंभ करावा लागत नाही. जेथे थांबला तेथून पुढे चालू ठेवावे. गर्भवतीस सरकारी कार्यक्रमात दिली जाणारी टीडी लस धनुर्वात व घटसर्प यांची आहे. तीत डांग्या खोकल्याचा अंश नाही. टीडॅप नावाची लस गर्भारपणाच्या सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांत घेतल्यास आईचे संरक्षण गर्भास मिळते व जन्मानंतरचे पहिले धोक्याचे आठवडे सुरक्षित जातात. ती खासगी रुग्णालयांत मिळते. सुनेच्या किंवा लेकीच्या गर्भारपणात डॉक्टरांशी त्याविषयी अवश्य बोलावे.

काही वडीलधारी मंडळी शंका काढतात की, जंतू मारणारे औषध घेणे अहिंसेत बसते काय. गृहस्थासाठी आपल्या आचार्यांनी संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा, त्याग सांगितला आहे. बालकाच्या रक्षणाचा हेतू त्या कोटीत येत नाही.

माहेर, सासर आणि सीमारेषा

आपल्या भागात या वेळापत्रकास एक अडचण येते, आणि ती अन्यत्र क्वचितच असेल. आपल्या सोयरिकी कागल, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीपासून चिकोडी, बेळगावपर्यंत पसरलेल्या आहेत. पहिले बाळंतपण माहेरी. लेक सातव्या महिन्यात सीमा ओलांडून येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर सासरी परतते. सहा, दहा व चौदा आठवड्यांचे तिन्ही डोस नेमके या मुक्कामात पडतात. माहेरची माणसे म्हणतात, सासरी गेल्यावर होईल. सासरची म्हणतात, माहेरी झालेच असेल. कर्नाटकातील तायी कार्ड एका घरी राहते, महाराष्ट्रातील माता-बाल कार्ड दुसऱ्या घरी. आणि दोन वह्यांच्या मध्ये नोंद हरवते. जमाखर्चाच्या वहीत असा फरक राहिला तर आपले मुनीम रात्रभर जागून तो शोधून काढतील.

लस मात्र दोन्ही राज्यांत तीच आहे, वेळापत्रकही तेच आहे. निपाणीत घेतलेल्या पहिल्या डोसानंतर दुसरा कोल्हापुरात घेता येतो. केवळ कार्ड बाळाबरोबर प्रवास करीत राहिले पाहिजे. बाळाच्या दुपट्यांबरोबर ते पिशवीत ठेवावे आणि त्याचे छायाचित्र दोन्ही घरांतील मोबाईलवर असावे.

अनेक दिगंबर घरांत बाळास पंचेचाळीसाव्या दिवशी प्रथम जिनदर्शनास नेऊन त्याच्या कानी णमोकार मंत्र सांगण्याची सुंदर रूढी आहे. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. या दोन्ही गोष्टींची सांगड घालण्यास किती सोपे आहे! आधी सुई, मग तीन दिवसांनी दर्शन, असा नेम घरातील आजीने घातला तर पहिला डोस चुकण्याचा प्रश्नच उरणार नाही. दर्शनाच्या दिवशी, बारशात किंवा चातुर्मासातील प्रवचनाच्या गर्दीत खोकणाऱ्याने बाळास हाती घेऊ नये, एवढे पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. बोलताना मुखावर वस्त्र धरण्याची शिकवण आपल्या परंपरेत सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. खोकताना मुखावर रुमाल धरल्याने एका बालकाचे रक्षण होते.

पेढीचे कर्तव्य

स्वतःच्या घरापुरते पाहून आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात शेकडो स्त्रिया राबतात. त्यांची तान्ही मुले धुळीच्या सान्निध्यात वाढतात. लसीच्या दिवशी केंद्रावर जावे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून डोस लांबतो. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली जो कायदा झाला, त्यात स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. म्हणजे मालकाचे उत्तरदायित्व कामगाराच्या मुलापर्यंत पोचते, हा विचार नवा नाही.

आपल्या प्रत्येक पेढीने तीन गोष्टी सहज कराव्यात. पहिली, बाळाच्या लसीच्या दिवशी आईस अर्ध्या दिवसाची पगारी रजा द्यावी. वर्षाकाठी एका आईमागे हा खर्च अत्यल्प आहे. दुसरी, कामगारांच्या घरी जन्मलेल्या बालकांची नावे व डोसांच्या तारखा मुनीमाने हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवाव्यात. तिसरी, दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या कामगारास तपासणीसाठी पाठवावे, आणि त्याबद्दल त्याची मजुरी कापू नये. त्याचा खोकला क्षयाचा निघाला तरी वेळीच कळेल, आणि डांग्या खोकल्याचा निघाला तर एखादे अर्भक वाचेल.

१८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली, ती समाजास शिक्षित करण्यासाठी. त्या पिढीने मुलांसाठी बोर्डिंगे उभारली. ती मुले जगलीच नसती तर बोर्डिंगांत शिकण्यास कोण आले असते? आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत आपल्या शास्त्रकारांनी औषधदान व अभयदान यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. वेळेवर टोचून घेतलेली एक लस ही एकाच वेळी औषधदानही आहे आणि अभयदानही. आगामी वर्षात आपल्या सभासदांच्या घरी व पेढीवर जन्माची वार्ता येईल, तेव्हा पेढा वाटण्यापूर्वी बेचाळीसाव्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवावी, अशी नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.